‘आपण’ म्हणजे कोण? विज्ञानपटांनी विचारलेला एक जुना प्रश्न

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ ही दोन निराळी सर्वनामे आहेत, ही गोष्ट महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. ती ध्यानात येते आपल्यासारख्या परमुलखात स्थिरावलेल्या कुटुंबांना, कारण मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत अशी ये-जा आपल्याला दिवसातून दहा वेळा करावी लागते. ‘आम्ही उद्या महेश्वरला जाणार’ असे म्हटले की ऐकणारा घरी राहिला. ‘आपण उद्या महेश्वरला जाऊ’ म्हटले की त्याने पिशवी भरायला घ्यावी. पुस्तकी हिंदीतील ‘हम’ला हा भेद ठाऊक नाही, इंग्रजीलाही नाही. (निमाड-माळव्याच्या बाजारातील हिंदी मात्र ‘अपन चलेंगे’ असे म्हणून तो भेद राखते. शेजाऱ्यांच्या बोलीला नावे ठेवणाऱ्या आपल्यातील शुद्धिप्रेमी मंडळींनी याचा विचार करावा.) ‘आपण’चे आणखीही दोन अर्थ आहेत. समोरच्या थोर व्यक्तीला आदराने संबोधायचे ते ‘आपण’, आणि ज्याचे त्याने स्वतःकडे बोट दाखवायचे तेही ‘आपण’. स्वतः, समोरचा आणि दोघे मिळून, असे तिघे या एका शब्दात राहतात.

सर्वनामांचे हे पुराण सांगण्याचे कारण असे, की गेल्या काही महिन्यांत प्रस्तुत लेखकाने ठरवून जे विज्ञानपट पाहिले, त्यांतील बरे म्हणावे असे सगळे या एकाच शब्दाभोवती फिरताना दिसले. विज्ञानपट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अग्निबाण, हिरव्या कातडीचे परग्रहवासी आणि लुकलुकणारे दिवे येतात. तसले चित्रपट पुष्कळ आहेत आणि त्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे काही नाही. परंतु काही थोड्या दिग्दर्शकांनी या साहित्याचा उपयोग वेगळ्या कामासाठी केला. यंत्र, परग्रहवासी, मृताची प्रतिकृती, कृत्रिम मनुष्य असा कोणी तरी दारात उभा करायचा आणि प्रेक्षकाला विचारायचे, की याला तुम्ही ‘आपण’ म्हणाल की नाही? आणि नाही म्हणत असाल तर कशाच्या आधारावर?

हा प्रश्न आमच्या धामनोदच्या परिसराला नवा नाही. धामनोद हे मुंबई-आग्रा रस्त्यावरचे गाव. येथून एका बाजूस घाट चढून गेले की मांडू आणि पुढे धार, दुसऱ्या बाजूस बारा-तेरा किलोमीटरवर महेश्वर आणि नर्मदा. या दोन्ही दिशांना एकेक कथा आहे आणि आजचा कोणताही पटकथाकार त्यांच्यावरून आनंदाने चित्रपट लिहील.

धारची कथा भोजराजाची. अकराव्या शतकात धारानगरीत राज्य करणाऱ्या या परमार राजाच्या नावावर ‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुशास्त्रावरचा प्रचंड ग्रंथ आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तो १९२४-२५ मध्ये छापला गेला. त्यातील एकतिसावा अध्याय यंत्रांचा. हलक्या लाकडाचा, पोटात अग्नी आणि त्यावर पाऱ्याचे पात्र असलेला उडता पक्षी त्यात आहे म्हणून तो अध्याय प्रसिद्ध पावला. पण त्याहून विलक्षण आहेत त्यातील लाकडी माणसे. दिव्यात तेल घालणाऱ्या, नृत्य करणाऱ्या पुतळ्या, आणि रात्री चोरपावलांनी आत शिरणाऱ्याला हातातील शस्त्राने रोखणारा द्वारपाल. यंत्रांची घडण आपण पूर्णपणे सांगत नाही, ती अज्ञानामुळे नव्हे तर गुप्ततेसाठी, असेही ग्रंथकार बजावतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण असा उल्लेख आला की सभेत टाळ्या पडतात. भोजाच्या ग्रंथात वर्णन आहे, चालणारे यंत्र नाही. ‘वैमानिक शास्त्र’ नावाच्या दुसऱ्या एका ग्रंथाचा तर बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ मध्येच कसून तपास केला. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा असून त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. शिवकर बापूजी तळपदे यांच्या दंतकथेवर २०१५ मध्ये ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपट निघाला. त्यात दंतकथेलाच इतिहास करून टाकल्यामुळे विचार करण्यासारखे काही शिल्लक राहिले नाही. पूर्वजांचा खरा अभिमान वाटावा तो त्यांच्या कल्पनाशक्तीचा. दारात उभ्या केलेल्या लाकडी माणसाला चोर आणि पाहुणा यांतला फरक कसा कळणार, हा प्रश्न भोजाच्या वर्णनातून आपोआप निघतो. तो विमानापेक्षा कितीतरी अधिक आधुनिक आहे.

दुसरी कथा महेश्वरच्या दिशेची. परंपरा महेश्वरला प्राचीन माहिष्मती मानते, आणि ‘शंकरदिग्विजया’त आद्य शंकराचार्य व मंडनमिश्र यांचा वाद माहिष्मतीत होतो. मंडनमिश्र हरल्यावर त्यांची विदुषी पत्नी उभयभारती पुढे सरसावते आणि संन्याशाला कामशास्त्रावर प्रश्न विचारते. आचार्य मुदत मागून घेतात, नुकत्याच मृत झालेल्या अमरुक राजाच्या देहात प्रवेश करतात आणि स्वतःचा देह गुहेत शिष्यांच्या स्वाधीन करतात. जवळच्या मंडलेश्वरी गुप्तेश्वराची गुहा आहे. हीच ती, अशी स्थानिक श्रद्धा. ऐतिहासिकदृष्ट्या हे कितपत खरे, हा वाद विद्वानांवर सोपवू. आपल्याला हवे आहे ते पुढचे. राजा एकाएकी इतका गुणी झालेला पाहून मंत्र्यांना शंका येते, की हा आपला राजा नव्हे, कोणी योगी त्याच्या देहात आला आहे. आणि तो परत जाऊ नये म्हणून राज्यातील बेवारस प्रेते जाळून टाकण्याचा हुकूम सुटतो. इकडे आचार्य राजवैभवात आपण कोण हेच विसरतात. अखेर शिष्य गायकांच्या वेशात दरबारात येतात आणि गाण्यातून त्यांना स्वतःची आठवण करून देतात.

देह दुसऱ्याचा, स्मृती हरवलेली, आणि ओळख पटवणारी दोन साधने: परक्या डोळ्यांनी केलेली परीक्षा व आपल्या माणसांनी गायिलेले गाणे. गेल्या साठ वर्षांतील उत्तम विज्ञानपटांचे निम्मे भांडवल या एका आख्यानात आहे.

स्टॅनली कुब्रिकचा ‘२००१: ए स्पेस ओडिसी’ १९६८ मध्ये आला, चंद्रावर माणूस उतरण्याच्या सव्वा वर्ष आधी. गुरूच्या दिशेने निघालेल्या यानाचा सगळा कारभार ‘हॅल’ नावाच्या संगणकाकडे आहे. तो चूक करतो, चूक झाकण्यासाठी माणसे मारतो, आणि शेवटी उरलेला एकटा अंतराळवीर त्याच्या स्मृतीचे तुकडे एकेक करून काढून घेतो. तेव्हा हॅल म्हणतो की त्याला भीती वाटते आहे. पुढे पुढे त्याची बुद्धी बालपणात जाते आणि शिकवलेले पहिले गाणे तो अडखळत म्हणू लागतो. चित्रपटभर माणसे थंड, कोरड्या आवाजात बोलतात आणि भीतीचा कंप येतो तो फक्त यंत्राच्या आवाजात. मारेकऱ्याची कणव यावी अशी ही योजना मोठी धूर्त आहे. भोजाचा द्वारपाल येथे घरच्याच माणसांना चोर समजला, एवढेच. पण त्याला मोडताना आपला हात का थरथरावा?

आंद्रेई तार्कोव्स्कीचा ‘सोलारिस’ (१९७२) हा रशियन चित्रपट संथ आहे. तरुण मंडळींना तो पहिल्या अर्ध्या तासात झोप आणील, याची पूर्वसूचना देऊन ठेवतो. सोलारिस ग्रहावर एक विचार करणारा समुद्र आहे. तो अंतराळ-स्थानकावरील माणसांच्या मनात शिरून तेथील सर्वांत दुखरी आठवण देहधारी करून परत पाठवतो. नायकाकडे येते ती त्याची दहा वर्षांपूर्वी मेलेली पत्नी. ती त्याच्या आठवणींची बनलेली असल्यामुळे तिला स्वतःचे असे काही आठवत नाही. आपण मूळची ती नव्हे हे तिला हळूहळू उमगते, आणि ते उमगण्याच्या यातनेतूनच ती माणूस होत जाते. नायक प्रथम तिला अग्निबाणात बसवून दूर पाठवून देतो. ती पुन्हा येते, तेव्हा तो तिला परकी म्हणू शकत नाही. आपल्याकडे श्राद्धाच्या दिवशी पान वाढून बाहेर ठेवतो; आलेला पाहुणा खरा कोण, हे तपासून पाहण्याचे धाडस कोणी करत नाही.

आता ज्या चित्रपटाने मला सर्वांत अधिक अस्वस्थ केले त्याकडे येतो. रिडले स्कॉटचा ‘ब्लेड रनर’ १९८२ चा, फिलिप के. डिक यांच्या १९६८ च्या कादंबरीवर आधारलेला. त्याची कथा नोव्हेंबर २०१९ मध्ये घडते, म्हणजे त्याचे भविष्य आता आपला भूतकाळ झाले. हाडामांसाची कृत्रिम माणसे तयार होतात, त्यांचे आयुष्य चार वर्षांचे असते, आणि पळून आलेल्यांना हुडकून ठार करण्यासाठी खास पोलीस असतात. खरा माणूस आणि कृत्रिम माणूस यांतील फरक ओळखण्यासाठी प्रश्न विचारून डोळ्याच्या बाहुलीची हालचाल मोजतात. अमरुकाच्या मंत्र्यांनी हेच केले होते. फरक एवढाच, की त्यांना राजाच्या चांगुलपणावरून संशय आला आणि येथे करुणेच्या अभावावरून येतो.

या चित्रपटात रेचल नावाची तरुणी आहे. आपण माणूस आहोत याबद्दल तिला शंका नाही, कारण तिला बालपण आठवते. पुरावा म्हणून ती आईबरोबरचा आपला फोटो घेऊन येते. नायक तिला तिचीच एक आठवण सांगतो, जी तिने कधी कोणाजवळ बोलून दाखवलेली नव्हती, आणि म्हणतो की ही दुसऱ्या मुलीची आठवण आहे. कारखानदाराने आपल्या पुतणीची स्मृती तिच्या डोक्यात घातली आहे. हातात फोटो तसाच राहतो.

हे दृश्य पाहताना मला धार, देवास, इंदूर येथील आपल्या घरांच्या बैठकीतील भिंती आठवल्या. त्यांवर पगडीवाल्या खापरपणजोबांची तसबीर असते. अठराव्या शतकात पवारांच्या किंवा होळकरांच्या लष्कराबरोबर ते माळव्यात आले म्हणून सांगतात. ज्या मूळ गावाचे नाव आपण आडनावात वागवतो, ते आपल्यापैकी कितींनी पाहिले आहे? तेथील विहीर, वाडा, कुलदैवताकडे जाणारी पाऊलवाट, दारातला फणस हे सारे आजीने तिच्या आजीकडून ऐकलेले, आणि आपल्या डोक्यात ठेवून दिलेले. फणस आपला नव्हे, आठवणही आपली नव्हे. तरी ती सांगताना आपला गळा भरून येतो. मग रेचलला खोटी म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? वारशाने आलेली प्रत्येक स्मृती दुसऱ्याची असते. ती आपली होते कशाने? माझ्यापुरते उत्तर असे, की ती बाळगण्याची किंमत आपण देतो म्हणून. परमुलखात मुलांना मराठी शिकवताना आपण ती दिली आहे. रेचलही तिच्या परीने ती देते, जीव धोक्यात घालून.

हे नुसते तत्त्वचिंतन नाही. आपल्या मंडळांच्या सभांतून हा प्रश्न अधूनमधून निघतोच: घरात मराठी बोलणे सुटलेल्या कुटुंबाला आपले म्हणायचे का? सून माळवी घरातून आली, ती पुरणपोळी आपल्या लेकींपेक्षा सरस करते, पण तिचे ‘ळ’ आणि ‘ण’ अडखळतात; ती ‘आपण’मध्ये की ‘आम्ही’च्या पलीकडे? अशा वेळी कोणी ना कोणी परीक्षक पुढे होतो आणि समोरच्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोजू लागतो. जन्म पाहायचा, भाषा पाहायची, स्मृती पाहायची की वागणूक? ‘ब्लेड रनर’च्या अखेरीस आयुष्य संपत आलेला कृत्रिम मनुष्य आपल्या मारेकऱ्यालाच कड्यावरून कोसळताना हात देऊन वर ओढतो. त्यानंतर परीक्षेचे ते यंत्र कोणी बाहेर काढत नाही.

भाषेची बाजू ‘अरायव्हल’ने (२०१६) हाताळली आहे. टेड चियांग यांच्या कथेवरून डेनी व्हिलनव्ह यांनी तो केला. पृथ्वीवर बारा ठिकाणी याने येऊन थांबतात. आत सात पायांचे जीव आहेत आणि त्यांच्याशी बोलण्यासाठी लष्कर एका भाषाशास्त्रज्ञ बाईला बोलावते. परग्रहवासीयांचे एक चिन्ह ‘शस्त्र’ असे वाचावे की ‘साधन’ असे, यावर युद्ध व्हायचे की नाही हे ठरणार असते. त्याच वेळी चीनमधील पथक त्यांच्याशी एका खेळाच्या सोंगट्यांतून बोलत असते. पण खेळ म्हटला की हार-जीत आली, आणि ज्या भाषेत हार-जीतच आहे त्या भाषेत मैत्री कशी बोलणार? भाषा बदलली की काळाचे भानही बदलते, ही त्यातील पुढची कल्पना मला थोडी ताणलेली वाटली. पण नवी भाषा शिकल्याने शिकणाऱ्याचे ‘आपण’ रुंदावते, एवढे तर दोन भाषांत वाढलेल्या आपल्या मुलांकडे पाहूनही कळते.

मराठीत या विषयावर चित्रपट अगदीच थोडे निघाले. ‘फुंतरू’ (२०१६) हा त्यांतील एक. मराठीची या क्षेत्रातील खरी कमाई छापील पानांत आहे आणि तिच्या अग्रभागी असलेले डॉ. जयंत नारळीकर तुमच्याआमच्यासारखेच महाराष्ट्राबाहेर वाढले. वडील बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक असल्यामुळे त्यांचे बालपण काशीत गेले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता. मे २०२५ मध्ये त्यांचे पुण्यात निधन झाले. त्यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीतील यंत्रमानवाला आपल्यासारखे आणखी यंत्रमानव हवे असतात. म्हणजे त्यालाही ‘आम्ही’ म्हणायचे असते, आणि ते म्हणताच तो धोकादायक ठरतो.

मराठी माणसाने केलेला एक हिंदी चित्रपट मात्र या मालिकेत मानाने बसतो. नागपूरच्या आरती कडव यांचा ‘कार्गो’ २०१९ मध्ये मुंबईच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी घरोघरी पाहता येऊ लागला. अवकाशात ‘पुष्पक’ नावाचे एक यान आहे. त्यात एकटा राहून काम करणारा प्रहस्त हा जातीने राक्षस आहे. नाव रावणाच्या सेनापतीचे. माणसे आणि राक्षस यांच्यात तह झालेला असून मेलेल्या माणसांना पुनर्जन्मासाठी तयार करण्याचे सरकारी काम राक्षसांकडे आले आहे. मृतांना ‘कार्गो’ म्हणतात. माणूस येतो, आपण मेलो हे त्याला धड कळलेलेही नसते. त्याच्या खिशातील वस्तू काढून घेतात, देहाची डागडुजी करतात, स्मृती पुसतात आणि त्याला पुढच्या जन्मी धाडतात. पृथ्वीवरून या कारभारावर देखरेख करणाऱ्या वरिष्ठांच्या भूमिकेत नंदू माधव आहेत, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त दादासाहेब फाळके झालेले. त्यांचा तो कार्यालयीन जिव्हाळा पाहून कोणत्याही सेवानिवृत्त हेडक्लार्कला घरच्यासारखे वाटेल.

‘कार्गो’त अग्नी नाही, चित्रगुप्ताची वही नाही, पापपुण्याचा हिशेबही नाही. आहे ते एक कंटाळवाणे दफ्तर, आणि त्यात वर्षानुवर्षे इमानाने राबणारा राक्षस. मदतनीस म्हणून एक तरुण राक्षसकन्या येते. आलेल्या मृतांची विचारपूस करावीशी वाटणारी ती, आणि सवयीने मान खाली घालून काम उरकणारा तो. मला या चित्रपटातील सर्वांत मोठी गोष्ट वाटली ती ही, की स्मृती पुसल्यावर जो पुढे जातो तो कोण, हा वेदान्ताच्या वर्गातील प्रश्न येथे खिशातील किरकोळ वस्तूंच्या रूपाने समोर येतो. आत्मा पुढे गेला हे ठीक. पण खिशात जे होते तेच तर तो माणूस होता, असे वाटत राहते. पुनर्जन्मावर विश्वास असलेल्या आपल्या समाजाने या बाजूचा विचार क्वचितच केला असेल. चित्रपटाचा उत्तरार्ध किंचित रेंगाळतो. तरीही घरातील थोरांनी आणि मुलांनी एकत्र पाहून नंतर जेवताना वाद घालावा असा तो आहे.

आणि हे सारे आता पडद्यावरच राहिलेले नाही. भ्रमणध्वनीवरील यंत्र आज शुद्ध मराठीत विचारते, ‘आपण कसे आहात?’ भोजाच्या पुतळीने विडा पुढे करावा तसे ते अदबीने बोलते. त्या ‘आपण’चा अर्थ सध्या तरी ‘तुम्ही’ असाच आहे. ते यंत्र उद्या ‘आपण असे करू या’ म्हणेल तेव्हा काय, हे विचारायला कुब्रिकने आपल्याला अर्धशतकाची मुदत दिली होती.

सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये ‘द एलियन’ नावाची पटकथा लिहिली. १९६२ च्या त्यांच्याच ‘बंकुबाबूर बंधू’ या बंगाली कथेत तिचे बीज होते. हॉलिवूडच्या कोलंबिया कंपनीपर्यंत ती पोहोचली, पण चित्रपट झाला नाही. त्यात बंगालमधील एका खेड्याच्या कमळांच्या तळ्यात यान उतरते; पाण्याबाहेर फक्त त्याचा कळस दिसतो. गावकऱ्यांना वाटते, बुडालेले देऊळ वर आले. ते पूजा सुरू करतात. शास्त्रज्ञ नाही, लष्कर नाही, डोळ्यांच्या बाहुल्या मोजणारा कोणी नाही. यानातून उतरलेला तो लहानखुरा पाहुणा एका गरीब मुलाच्या स्वप्नात शिरतो, आणि दोघे रात्रभर खेळत बसतात.